नऊ मिनिटांचा नाश्ता

रविवार, रात्री साडेअकरा

धाकटा भाऊ आत्ताच झोपला. दुपारी आम्ही दोघांनी 'द मिरॅकल वर्कर' पाहिला, १९६२ चा, कृष्णधवल. कॉलेजात असताना मी तो एकदा पाहिला होता आणि शेवटच्या पाण्याच्या पंपापाशी ढसाढसा रडले होते. आज रडू आलं ते फार आधी, नाश्त्याच्या टेबलापाशी.

धाकटा चार वर्षांचा असताना तापात त्याचे कान गेले. तेव्हापासून घरी कोणी आलं की त्याच्या वतीने आई बोलायची. आई नसली की मी. 'त्याला साखर कमी लागते हो.' 'त्याला नाही आवडत गर्दीत.' आज तो त्रेचाळीस वर्षांचा आहे.

सिनेमात अमेरिकेतल्या अलाबामाच्या टस्कंबिया गावी केलर घराण्यातही हेच चाललेलं असतं. हेलन एकोणीस महिन्यांची असताना आजारात तिची दृष्टीही गेली आणि कानही. आता ती सहा वर्षांची आहे, टेबलाभोवती फिरते आणि प्रत्येकाच्या ताटात हात घालून हवं ते उचलते. बाकीचे गप्पा मारत राहतात, जणू काही होतच नाही. मग ती आपल्या नव्या शिक्षिकेच्या, म्हणजे अ‍ॅनी सलिव्हनच्या ताटाशी येते आणि अ‍ॅनी तिचा हात धरते. वडील भडकतात, लेकराची दया येत नाही का म्हणून. अ‍ॅनी सगळ्यांना बाहेर काढून दार लावून घेते.

पुढची जवळपास नऊ मिनिटं संवाद नाहीतच म्हटलं तरी चालेल. खुर्च्या आपटतात, चमचे भिरकावले जातात, अ‍ॅनी पुन्हा नवा चमचा हातात देते, पुन्हा तो फेकला जातो. अ‍ॅन बँक्रॉफ्ट (अ‍ॅनी) आणि पॅटी ड्यूक (हेलन) या दोघींनी १९५९ पासून ब्रॉडवेच्या रंगमंचावर हीच झटापट रोज रात्री केली होती. सिनेमासाठी दोघींना ऑस्कर मिळालं, तेव्हा पॅटी सोळा वर्षांची होती.

एवढा वेळ पडद्याखाली अक्षरं येत नव्हती, म्हणून सवयीने माझे हात उठले, त्याला खुणा करून सांगायला. त्याने पडद्यावरची नजर न हलवता माझा हात धरला आणि खाली सोफ्यावर ठेवून दिला. सांगण्यासारखं काही नव्हतंच. त्या नऊ मिनिटांत जे मला कळत होतं तेवढंच त्याला कळत होतं, कदाचित त्याला जास्त. माझे डोळे तिथे भरून आले.

अ‍ॅनी दमून बाहेर येते आणि आईला सांगते, खोलीची धूळधाण झाली, पण हेलनने आपल्या रुमालाची घडी घातली. आईचा चेहरा पाहावा त्या वेळी. तिने लेकीवर माया कमी केलेली नव्हती. मायेपोटीच तिने लेकीला कधी काही मागितलं नव्हतं. माझी आईही अशीच होती, आणि मीही तशीच झाले.

अ‍ॅनी अशी कठोर का, हेही सिनेमा सांगतो. तिचे स्वतःचे डोळे लहानपणीच अधू झालेले. ट्यूक्सबरीच्या अनाथ-निराधारांच्या कोंडवाड्यात ती वाढली, धाकटा भाऊ जिमी तिथेच गेला. पर्किन्सच्या अंधशाळेत शिकून विसाव्या वर्षी, मार्च १८८७ मध्ये, ती केलरांकडे आली. दयेवर जगणं काय असतं हे तिला कोणी सांगायला नको होतं, असं मला वाटतं.

पंपाचा प्रसंग ५ एप्रिलचा, म्हणजे ती आल्याला जेमतेम महिना झालेला. हेलनच्या हातावर पाणी पडत असतं, अ‍ॅनी तिच्या तळव्यात बोटांच्या खुणांनी 'वॉटर' हा शब्द अक्षर-अक्षर देते, आणि शब्द म्हणजे काय ते हेलनला तिथे पहिल्यांदा उमगतं. धाकटा तिथे रडला नाही. त्याने तो तीनदा थांबवून पाहिला, फक्त हात. मग मला म्हणाला, म्हणजे खुणेने म्हणाला, की आपली इंग्रजी अक्षरं दोन हातांची, यांची एकाच हाताची. म्हणून ती दुसऱ्याच्या तळव्यात मावतात. इतकी वर्षं हा सिनेमा मनात घेऊन फिरले, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

संध्याकाळी तो मोबाइलवर चित्रं पाहून बोटं वळवत बसला होता. डब्ल्यू, ए, टी, ई, आर. पाचच अक्षरं. मग माझ्यासमोर येऊन बसला, माझे डोळे मिटवले आणि माझा तळवा आपल्या मुठीवर ठेवला. मूठ, पुन्हा मूठ, पुन्हा मूठ. मला काही कळेना. डोळे उघडायला गेले तर त्याने ते पुन्हा मिटवले. तिसऱ्या खेपेला लक्षात आलं की मूठ प्रत्येक वेळी वेगळी आहे, अंगठा जागा बदलतोय. टी. ई. ए.

मी मान डोलावली. तो उठला आणि त्यानेच गॅस पेटवला.