वाचनालयाचं ॲप: टेस्टमधले सभासद आता मेमरीतच

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या वाचनालयाचं जँगो (पायथन भाषेतली वेब-चौकट) ॲप पुढे सरकतंय, पण टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम) चालू केल्या की उठून चहा करून यावा इतका वेळ लागत होता. उशिराचा दंड बरोबर निघतो का, एवढं बघायलाही सभासद, पुस्तक आणि देवघेव अशा डेटाबेसच्या तीन टेबलांत नोंदी पडायच्या. दंडाला लागतं काय? दोन तारखा आणि एक दर.

म्हणून या खेपेला फॅक्टरी बॉय (टेस्टसाठी नमुन्याचे सभासद, पुस्तकं बनवून देणारी पायथन लायब्ररी) लावलं. 'क्रिएट'च्या जागी 'बिल्ड' म्हटलं की ऑब्जेक्ट नुसतं मेमरीत बनतं, सेव्ह होत नाही. सबफॅक्टरीतून (एका फॅक्टरीने बोलावलेल्या दुसऱ्या फॅक्टरीतून) येणारे सभासद आणि पुस्तकही तसेच. दंडाच्या टेस्टमध्ये मी आता तारखाच लिहितो, बाकीचं फॅक्टरी भरते. टेस्ट वाचणाऱ्यालाही मुद्दा लगेच सापडतो. या सगळ्या टेस्ट सिंपलटेस्टकेस या जँगोच्या डेटाबेस न वापरणाऱ्या टेस्ट-वर्गाखाली नेल्या आहेत. तिथे कुठून क्वेरी (डेटाबेसला विचारणा) निसटलीच तर जँगो टेस्ट पाडतो, फुकटचा पहारेकरी!

बिल्डच्या ऑब्जेक्टला आयडी नसतो. मेनी-टू-मेनीला (अनेकांचं अनेकांशी नातं) हात लावला की व्हॅल्यूएरर, सेटमध्ये (पायथनच्या संचात) टाकलं की टाइपएरर. ऑटो-नाऊ-ॲडची (नोंद झाल्याची, आपोआप पडणारी) तारीख सेव्ह करताना भरते, त्यामुळे तीही रिकामी. खोटा आयडी चिकटवून वेळ मारून नेणारे आहेत, मला ते पटत नाही. नातंच तपासायचं असेल तर सरळ डेटाबेस घ्यावा.

खरी मजा नावांत आली. फेकर (टेस्टसाठी खोटी नावं बनवणारी लायब्ररी) आपणहून अमेरिकन नावं देतो, आणि आमच्या सभासदांत कऱ्हाडकर आहेत. हे आडनाव तीन तऱ्हांनी टाइप होतं: थेट ऱ घेऊन (पायथनच्या मते लांबी 8), र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) जोडून (9), किंवा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह घालून (तेही 9). पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात, शोधात मात्र एकमेकांना सापडत नाहीत. एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी युनिकोड रूपं एकसारखी करण्याची रीत) पहिली दोन एक होतात, तिसरं तसंच राहतं. त्याला वेगळी बदली लिहावी लागली. फॅक्टरी आता तिन्ही रूपं आळीपाळीने देते. नाव साफ करणारं फंक्शन डेटाबेसशिवाय तपासून होतं, प्रत्यक्ष शोध नाही.

एसक्यूलाइट (छोटा, हलका डेटाबेस) वापरलं तर जँगो टेस्टचा डेटाबेस मेमरीतच उभारतो, मग एवढा खटाटोप कशाला, असं एका मित्राने विचारलं. पण त्यातही टेबलं बनतात, मायग्रेशन (टेबलांची रचना उभारणाऱ्या पायऱ्या) चालतात. शिवाय एसक्यूलाइट मजकुराची कमाल लांबी पाळत नाही. पन्नास अक्षरांच्या रकान्यात साठ मुकाट्याने घेतं, पोस्टग्रेस हा मोठा डेटाबेस तिथल्या तिथे अडवतो. ॲप पोस्टग्रेसवर चालणार, तेव्हा शोध आणि बंधनांच्या टेस्ट तिथेच राहतील.

आता राखीव पुस्तकांची रांग घ्यायची आहे. पहिल्या सभासदाने पुस्तक नेलं नाही तर पाळी कोणाची, हा हिशोब बिल्डवर होईल. एकाच पुस्तकावर दोघांनी एकाच वेळी क्लिक केलं तर काय, ते मात्र पोस्टग्रेसलाच विचारावं लागणार.