मंजूर झालं, पण कुठलं?

१९ डिसेंबर २०१७ ची रात्र. परदेश पान माझ्याकडे होतं. पान सोडायला वीसेक मिनिटं उरली असताना एजन्सीवर फ्लॅश आला: अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात करकपात विधेयक २२७ विरुद्ध २०३ मतांनी मंजूर. मी हेडिंग ठोकलं, 'अमेरिकेत करकपातीवर शिक्कामोर्तब'. सिनेटचं मतदान बाकी आहे हे ठाऊक होतं. पण दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने दोन मसुद्यांचा एक केलेला, सह्याही झालेल्या. आता काय अडणार?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ड्यूटीवर गेले, तर मुख्य उपसंपादक चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "ये, तुझं शिक्कामोर्तब परत मतदानाला निघालंय."

झालं होतं असं. सिनेटमध्ये एरवी मोठ्या विधेयकाची कोंडी फोडायला ६० मतं लागतात. १९७४ च्या कायद्याने अर्थसंकल्पाशी जोडलेल्या खास विधेयकांना साधं बहुमत पुरतं, पण मग त्यात जमाखर्चाशी संबंध नसलेलं काही घुसवता येत नाही. याला बर्ड नियम म्हणतात. विरोधकांनी त्यावर बोट ठेवलं आणि तीन गोष्टी गळाल्या. त्यातली एक विधेयकाचं नाव! नावाने तिजोरीत एक डॉलर येत नाही की जात नाही, म्हणून नाव बाद. सिनेटने उरलेलं ५१ विरुद्ध ४८ ने मंजूर केलं. आणि दोन्हीकडचा मजकूर शब्दाला शब्द जुळलाच पाहिजे, म्हणून प्रतिनिधीगृहाला पुन्हा मत द्यावं लागलं: २२४ विरुद्ध २०१.

त्या हेडिंगच्या रागाने मी पुढचे काही दिवस दोन्ही मसुदे समोर ठेवून वाचले. माझी समजूत होती की समिती म्हणजे भाजीबाजार. तू पाच म्हण, मी दहा म्हणते, साडेसातला तोडू. एका ठिकाणी अगदी तसंच निघालं. गृहकर्जाच्या व्याजावरची सवलत किती कर्जापर्यंत द्यायची? प्रतिनिधीगृह म्हणालं ५ लाख डॉलर, सिनेट १० लाख, ठरलं साडेसात लाख. पण सर्वांत वरचा प्राप्तिकर एकीकडे ३९.६ टक्के, दुसरीकडे ३८.५, आणि समितीतून बाहेर आला ३७! कंपन्यांचा कर दोन्हीकडे २० टक्के होता, तो झाला २१. ही कपात प्रतिनिधीगृहाला २०१८ पासून हवी होती, सिनेटला २०१९ पासून. २०१८ धरायचं तर पैसे कमी पडणार, आणि दहा वर्षांतली तूट दीड लाख कोटी डॉलरपलीकडे न्यायची सोय नव्हती. तेव्हा टक्का वाढवा. आकड्यांचा मध्य कुणी शोधतच नव्हतं. कुठल्या आकड्याला पुरेशी मतं पडतील, एवढंच बघायचं होतं.

२०२५ मध्ये तर समितीच नेमली नाही. ट्रम्प यांचं कर आणि खर्चाचं भलंमोठं विधेयक प्रतिनिधीगृहात २२ मे रोजी २१५ विरुद्ध २१४ असं निसटतं मंजूर झालं. सिनेटने ते हवं तसं बदललं. सरकारने किती कर्ज काढायचं त्या मर्यादेतली वाढ ४ लाख कोटी डॉलरवरून ५ लाख कोटी केली. राज्यांत भरलेल्या करांवरची वजावट प्रतिनिधीगृहाने ४० हजार डॉलरपर्यंत नेली होती, सिनेटच्या पहिल्या मसुद्यात १० हजारच होती. घासाघीस होऊन ४० हजार राहिले, पण पाच वर्षांपुरते. पुढे परत १०. १ जुलैला मतं पडली ५०–५०, आणि उपाध्यक्ष व्हान्स यांच्या मताने विधेयक तरलं. असं काठावर तरलेलं विधेयक पुन्हा सिनेटमध्ये नेण्याची हिंमत कोण करणार? प्रतिनिधीगृहापुढे दोनच वाटा उरल्या, आहे तसं घ्या नाहीतर सोडा. मसुद्याला नावं ठेवणाऱ्या बहुतेकांनीही शेवटी बाजूने मत दिलं. (नाव याही वेळी गेलं. सिनेटमधले विरोधी नेते शूमर यांनी तोच बर्ड नियम काढला.)

३ जुलैला विरोधी नेते जेफ्रीज आठ तास ४४ मिनिटं बोलले आणि आमच्याकडे मध्यरात्र झाली. फ्लॅश आला, २१८ विरुद्ध २१४. पान माझ्याकडेच होतं. मी लिहिलं, 'सिनेटचा मसुदा प्रतिनिधीगृहात जसाच्या तसा मंजूर. ट्रम्प यांची सही बाकी'.

चार कॉलमांत बसेना. पाच केले.