भारतीय फुटबॉल लीग: नावं तीन, प्रश्न एकच

भारतात डुरंड कप 1888 पासून आहे, मुंबईचा रोव्हर्स कप 1891 पासून. पण देशभरातल्या क्लबांची राष्ट्रीय लीग सुरू व्हायला 1996 उजाडलं. नॅशनल फुटबॉल लीगच्या पहिल्या हंगामात विजेता ठरला पंजाबातला फगवाड्याचा जेसीटी संघ. पुढे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांनी प्रत्येकी तीनदा ती जिंकली. महाराष्ट्राच्या वाट्याला एकच विजेतेपद आलं, 2005-06 मध्ये महिंद्रा युनायटेडचं.

2007 मध्ये तिची आय-लीग झाली. नाव बदललं तरी क्लबांचा खर्च कंपनीच्या किंवा मालकाच्या खिशातूनच होत राहिला. तिकीटविक्री आणि प्रक्षेपण हक्कांतून तो भरून निघत नव्हता. त्यामुळे मालकाचा उत्साह संपला की क्लबही संपायचा. महिंद्रा 2010 मध्ये बंद झाला, जेसीटी 2011 मध्ये. 

आय-लीगचा खरा घोळ समजून घ्यायचा तर 2015-16 चा तक्ता बघावा. संघ नऊ. सर्वांत तळाला पुण्याचा डीएसके शिवाजियन्स, पण खालच्या श्रेणीतून न चढता थेट प्रवेश मिळालेल्या संघाला रेलिगेशनपासून, म्हणजे खालच्या श्रेणीत ढकललं जाण्यापासून, संरक्षण होतं. म्हणून आठव्या क्रमांकाचा मिझोरामचा आयझॉल खाली ढकलला गेला. मग 2016 मध्ये गोव्याचे क्लब बाहेर पडले, जागा रिकामी झाली आणि आयझॉलला परत घेतलं. त्याच आयझॉलने 2016-17 ची लीग जिंकली! शेवटून दुसऱ्या फेरीत मोहन बागानला 1-0 हरवलं, शेवटच्या दिवशी शिलाँग लाजाँगशी 1-1 बरोबरी केली आणि 37 विरुद्ध 36 गुणांनी विजेतेपद घेतलं. प्रशिक्षक होते खालिद जमील, त्याआधी मुंबई एफसीचे. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली नसती, तर हा विजेता दुसऱ्या श्रेणीत खेळत असता.

गोव्याचे क्लब बाहेर पडण्यामागे इंडियन सुपर लीग (आयएसएल) होती. 2010 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्स या कंपनीशी 15 वर्षांचा, 700 कोटींचा व्यावसायिक करार केला आणि त्यातून 2014 मध्ये आठ फ्रँचायझींची आयएसएल आली. सुरुवातीला ती ऑक्टोबर ते डिसेंबर चालायची आणि अनेक खेळाडू नंतर आय-लीग खेळायचे. 2017-18 पासून दोन्ही लीग एकाच वेळी सुरू झाल्या. आता खेळाडूला एक निवडणं भाग होतं आणि पैसा कुठे होता हे उघड होतं. बेंगळुरू एफसी त्याच वर्षी आयएसएलमध्ये गेला.

जुन्या नोंदी वाचणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते. 2014 ते 2016 मधले आयएसएल विजेते म्हणजे राष्ट्रीय लीगचे विजेते नव्हेत, तेव्हा अव्वल लीग आय-लीगच होती. भारतीय लीगसाठी आशियाई फुटबॉल महासंघाने 2019 मध्ये दिलेल्या आराखड्यानंतर तो दर्जा आयएसएलला मिळाला. शिवाय 2019-20 पासून शील्ड आणि कप वेगळे धरावे लागतात. साखळीत पहिला येणाऱ्याला शील्ड, साखळीनंतरचे बाद फेरीचे सामने, म्हणजे प्लेऑफ, जिंकणाऱ्याला कप. पहिली शील्ड एफसी गोवाची, त्या वर्षीचा कप कोलकात्याच्या एटीकेचा. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत मात्र शील्डवाला गेला, आणि माझ्या मते ते योग्यच होतं: एका सामन्यापेक्षा अख्ख्या हंगामाला जास्त वजन हवं.

त्याच आराखड्यानुसार आय-लीग विजेत्याला फ्रँचायझी शुल्काशिवाय बढती मिळू लागली. 2023 मध्ये पंजाब एफसी आणि 2024 मध्ये कोलकात्याचा मोहम्मेडन वर आले. अट क्लब परवान्याची: मैदान, युवा संघ, कर्मचारी, कायदेशीर कागदपत्रं आणि ताळेबंद, सगळं तपासलं जातं. लहान क्लब बहुतेकदा मैदान आणि ताळेबंद या दोन ठिकाणी अडतात.

रेलिगेशन मात्र कागदावरच राहिलं. 2024-25 मध्ये मोहम्मेडन तळाला राहूनही खाली गेला नाही. त्यानंतर 700 कोटींच्या कराराची मुदत संपत आली, नूतनीकरण होईना आणि जुलै 2025 मध्ये आयोजकांनी पुढचा हंगाम स्थगित ठेवला. जेसीटीच्या काळात एक मालक हटला की एक क्लब जायचा. या वेळी एक करार अडला आणि अख्खी लीग थांबली.