अडकला की आवरत होता?

"सर, हात अडकलाय. दार उघडून कार्ट्रिज ओढून काढू का?" नव्याने रुजू झालेल्या मुलाने आज रात्रपाळीत विचारले, तेव्हा टेप लायब्ररीतला, म्हणजे संगणकाची माहिती साठवलेल्या चुंबकीय टेपच्या कपाटातला, रोबोट टेप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या ड्राइव्हच्या तोंडाशी स्तब्ध उभा होता.

मी त्याला थांबवले. एलटीओ-८ या प्रकारच्या टेपच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे डबीत, रीळ एकच असते. दुसरे असते ड्राइव्हच्या पोटात. कार्ट्रिज आत बसले की ड्राइव्ह टेपच्या टोकाला असलेली धातूची छोटी पिन पकडतो आणि टेप ओढून आपल्या रिळावर चढवतो. त्यामुळे कार्ट्रिज बाहेर यायचे, तर ९६० मीटरच्या टेपपैकी जेवढी पुढे गेली असेल तेवढी सगळी परत गुंडाळून पिन जागेवर ठेवावी लागते, आणि त्यात मिनिटभर सहज जाते. (ती पिन मीही एकदाच नीट पाहिली आहे, बाद झालेल्या कार्ट्रिजचे कोपऱ्यातले दार नखाने सरकवून.) मध्येच ओढले असते, तर दोन रिळांमध्ये ताणलेली टेपच हाती आली असती.

तेवढ्यात खट्ट झाले. कार्ट्रिज बोटभर बाहेर आले, रोबोटने ते चिमटीत धरले आणि त्याच्या खणात नेऊन ठेवले.

"म्हणजे अडकला नव्हता, आवरत होता," मुलगा म्हणाला.

घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण ४५ सेकंदांत कार्ट्रिज बाहेर आले नाही की पडद्यावर लाल सूचना झळकावी, ही मर्यादा मीच घालून ठेवली होती. मग 'अडकलाय' असे त्याला शिकवले कोणी?