पिस्टनवर उभे ओरखडे नाहीत

रविवार, रात्र

आज काकांच्या जुन्या येझदी मोटरसायकलचा पिस्टन हलला. माहीमच्या खाऱ्या हवेत ही गाडी वर्षानुवर्षं झाकून पडली होती. 'तेल न घालता पळवली, म्हणून इंजिन धरलं' असं घरात कायम बोललं जायचं, आणि काका ते निमूट ऐकून घ्यायचे. मला आज इंजिन सोडवण्याइतकंच ते का धरलं हेही बघायचं होतं.

इंजिन जाम आहे म्हटलं की लोक आधी किकवर उभे राहतात. खालच्या मजल्यावरचा दादा म्हणाला, "दोन पोरं बोलावतो, सुटेल." मी नको म्हटलं. पिस्टन अडकलेला असताना तो सगळा जोर किकच्या दात्यांवर, पिस्टनभोवतीच्या रिंगांवर आणि कनेक्टिंग रॉडवर जातो. त्यापेक्षा अडकलंय कुठे ते आधी बघावं. दुसरा गिअर टाकून क्लच दाबला, गाडी ढकलली तर चाक फिरलं. क्लच सोडल्यावर मागचं चाक घट्ट. म्हणजे गिअरबॉक्स मोकळा, इंजिनच जाम.

स्पार्क प्लग काढून भोकातून टॉर्च मारला. या टू-स्ट्रोक इंजिनाला व्हॉल्व्ह नसतात, बोअरच्या (पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो तिच्या) भिंतीतली भोकं पिस्टनच उघडतो आणि झाकतो. पिस्टन थांबला होता तिथे एक्झॉस्टचं भोक अर्धवट उघडं होतं. इतके पावसाळे दमट हवा सायलेन्सरमधून सरळ आत येत राहिली असणार. पिस्टनच्या वर बोअरला तांबूस पट्टा दिसत होता.

दोन्ही बेंड पाइप उतरवले आणि भोकातून पिस्टनची बाजू पाहिली. खरं उत्तर तिथे होतं. गरम होऊन धरलेल्या इंजिनाची खूण लपत नाही. पिस्टनचं ॲल्युमिनियम बोअरच्या लोखंडापेक्षा जवळपास दुप्पट फुगतं, पिस्टन बोअरमध्ये घासतो, त्यावर उभे ओरखडे पडतात आणि भिंतीला चंदेरी लेप बसतो. एक्झॉस्टच्या बाजूला हे सगळ्यात जास्त, कारण तीच बाजू जास्त तापते. इथे एकही ओरखडा नव्हता. पिस्टन गुळगुळीत, वर तेलाचा जुना चिकट थर. तेलाविना चाललेल्या इंजिनात हा थर कुठून येणार?

वर जाऊन सांगितलं. काका खुर्चीत सरळ होऊन बसले. "उभ्या रेघा नाहीत ना? नीट बघितलंस?" मी हो म्हटलं. मग ते बराच वेळ बोलत राहिले. लिटरला 40 मिली तेल, म्हणजे 25 ला 1, हे प्रमाण त्यांनी कधी मोडलं नाही. बोरघाट उतरताना ते मधूनमधून क्लच दाबून थोडा ॲक्सिलरेटर द्यायचे, तेही आज त्यांनी समजावलं. या इंजिनात तेल पेट्रोलबरोबरच आत जातं. उतारावर ॲक्सिलरेटर बंद केला की पेट्रोल थांबतं, त्याबरोबर तेलही, आणि चाक मात्र इंजिनाला जोरात फिरवत राहतं. लहानपणी मागे बसून ती घरघर मी ऐकली होती. तिच्यामागे एवढी काळजी होती हे आज समजलं.

डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) अर्धं-अर्धं करून प्लगच्या भोकातून आणि एक्झॉस्टच्या बाजूनेही आत सोडून ठेवलं होतंच. आज टॉप गिअर टाकून मागचं चाक हातानेच पुढे-मागे हलवत राहिलो. टॉपमध्ये चाकाचा जोर इंजिनावर जास्त पोचतो, तरी हाताचा आहे तोवर काही मोडत नाही. बराच वेळ काही नाही, मग केसभर हालचाल. तिथून पिस्टन खालीच नेला. वर ढकलला असता तर रिंगा गंजाच्या पट्ट्यात अडकून तुटल्या असत्या. हेडचे नट तिरपे-तिरपे ढिले केले, बोअर असलेला ब्लॉक लाकडी हातोडीने हलके ठोकत वर उचलला आणि खाली उघड्या पडलेल्या क्रँकच्या (पिस्टन ज्या दांड्याला फिरवतो त्याच्या) तोंडात लगेच स्वच्छ फडकं कोंबलं. वरची रिंग खाचेत चिकटलेली, खालची मोकळी.

येझदी बनवणाऱ्या मैसूरच्या आयडियल जावा कंपनीचं उत्पादन 1996 मध्ये थांबलं, त्यामुळे सुट्या भागांसाठी फिरावं लागणार. ब्लॉक उद्या लेथवाल्याकडे. मूळ बोअर 65 मिलिमीटरचा. गंजाचे खड्डे वरवरचे असले तर नुसतं होनिंग, म्हणजे आतून हलकं घासणं, खोल असले तर बोअर कापून मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन, आणि त्यासाठी चोरबाजार. मला मूळचाच पिस्टन परत बसवायचा आहे. तो चांगला राहिलाय, आणि काकांनी सांभाळलेला आहे.

क्रँकची दोन्ही ऑइल सीलं मात्र दिसायला कशीही असोत, बदलणारच. रबर सुकलं की तिथून हवा आत ओढली जाते, पेट्रोल-तेलाचं प्रमाण कमी पडतं आणि मग इंजिन खरोखर तापून धरतं. क्रँकच्या बेअरिंगा धुऊन हाताने फिरवून बघायच्या, खरखर लागली तर त्याही नव्या. सीलं मिळेपर्यंत गाडीला किक मारायची नाही, असं काकांनीच बजावलंय.