सातवा सांधा आणि टोकाची चूक

एखादी वस्तू हव्या त्या जागी आणि हव्या त्या कलाने धरायची असेल, तर सहा गोष्टी ठरवाव्या लागतात: तीन जागेच्या आणि तीन कलाच्या. म्हणून सहा सांध्यांचा रोबोट हात बहुतेक कामांना पुरतो. सातवा सांधा जोडला की हात ‘रिडंडंट’ होतो, म्हणजे टोक जागचे न हलवता मधल्या हाताची ठेवण बदलता येते. सोलापुरात हे समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. यंत्रमागावर ताण्याचा तुटलेला धागा सांधणारा कामगार चिमूट जागच्या जागी ठेवून कोपर वर किंवा बाजूला घेतो, कारण मागाचा एखादा भाग आड येत असतो. अवकाशात गेलेल्या हातांचेही असेच आहे: १९८१ चा कॅनडार्म सहा सांध्यांचा होता, तर २००१ मध्ये अवकाश स्थानकावर बसवलेल्या कॅनडार्म-२ ला सात सांधे आहेत.

मी इथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात रोबोटिक्स शिकवतो. सांधा वाढला म्हणजे अचूकताही वाढली, अशी विद्यार्थ्यांची समजूत असते आणि विक्रेत्यांची माहितीपत्रके ती दूर करण्याच्या भानगडीत पडत नाहीत. वास्तविक प्रत्येक नवा सांधा म्हणजे आणखी एक मोटर, आणखी एक गिअरबॉक्स आणि कोन मोजणारा आणखी एक एन्कोडर, म्हणजेच चुकीची आणखी एक जागा. सातव्या सांध्याने मिळते ती निवड. ती कशी खर्च करायची, हा खरा प्रश्न आहे.

हिशेब हाताने करता यावा म्हणून सपाट पृष्ठावरचा तीन सांध्यांचा हात घेऊ. त्याच्या दांड्या ४००, ३०० आणि २०० मिमी लांबीच्या आहेत आणि टोक पायापासून आडव्या रेषेत ६०० मिमी अंतरावर ठेवायचे आहे. नुसती जागा गाठायला दोन सांधे पुरतात, म्हणजे एक सांधा जास्तीचा आहे. प्रत्येक सांध्याचा कोन ०.०२ अंशाने चुकू शकतो असे धरले, तर त्या सांध्यापासून टोकापर्यंतचे सरळ अंतर गुणिले ०.०००३५ (०.०२ अंश रेडियनमध्ये) एवढी चूक टोकावर उमटते आणि तिची दिशा त्या अंतराच्या रेषेला काटकोनात असते.

आता पहिल्या सांध्याकडे पाहावे. त्याचे टोकापासूनचे अंतर ६०० मिमी आहे; हात कसाही वळवला तरी ते बदलत नाही. त्यामुळे त्याचा ०.२१ मिमीचा वाटा अटळ आहे आणि तो कमी करायचा असेल तर कामाचे टेबलच पायाजवळ सरकवावे लागते किंवा त्या सांध्यासाठी चांगल्या एन्कोडरवर पैसे घालावे लागतात. ठेवणीने बदलतात त्या दोनच गोष्टी: दुसऱ्या सांध्याचे टोकापासूनचे अंतर आणि शेवटच्या दांडीची दिशा.

पहिल्या ठेवणीत शेवटच्या दोन दांड्या एका रेषेत ताठ ठेवू. तेव्हा दुसऱ्या सांध्याचे टोकापासूनचे अंतर ५०० मिमी होते, आणि तिन्ही सांध्यांच्या चुका एकाच बाजूला पडल्या तर टोकाची उंची ०.३९ मिमीने चुकते. दुसऱ्या ठेवणीत पहिली दांडी सरळ टोकाच्या दिशेने ठेवू, म्हणजे ते अंतर २०० मिमीवर येते आणि शेवटची दांडी जवळजवळ उभी लोंबते. उभ्या दांडीच्या सांध्याची चूक टोकाला आडवे हलवते, उंचीला जेमतेम धक्का लावते. उंचीची चूक येथे ०.२९ मिमी भरते, आणि आडवी चूकही ०.१६ वरून ०.०७ मिमीवर उतरते. तोच हात, तोच बिंदू, तेच एन्कोडर.

हे फुकट मिळत नाही. सांधा किंचित फिरला तर टोक किती सरकते, हे सांगणाऱ्या कोष्टकाला जॅकोबियन म्हणतात, आणि वेग व चूक या दोहोंचा हिशेब याच एका कोष्टकातून होतो. जेथे सांध्याची चूक टोकावर कमी पोहोचते, तेथे सांध्याचा वेगही टोकाला कमी मिळतो. योशिकावा यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या हाताच्या चपळतेच्या मापाने पाहिले, तर वरची पहिली ठेवण दुसरीच्या सुमारे १.७ पट सरस ठरते. पाठ्यपुस्तकी उदाहरणांत हे माप वाढवत नेण्याचा प्रघात आहे, आणि अडचणीच्या ठेवणींपासून (जेथे टोक एखाद्या दिशेला हलूच शकत नाही) दूर राहण्यासाठी तो योग्यही आहे. परंतु टोकाने भोक पाडायचे किंवा मोजमाप घ्यायचे असेल तेव्हा चपळतेच्या मागे लागणे मला चुकीचे वाटते.

याहून अडचणीची गोष्ट हालचालीच्या गणितात दडलेली आहे. टोकाच्या वेगावरून सांध्यांचे वेग काढताना सर्रास वापरला जातो तो छद्मव्यस्त (स्यूडोइन्व्हर्स) हा गणिती मार्ग, जो प्रत्येक क्षणी सांध्यांच्या वेगांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवतो. दिसायला हे काटकसरीचे आहे, पण क्लाइन आणि हुआंग यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की या पद्धतीत टोक बंद वाटेने फिरून मूळ जागी आले तरी सांधे मूळ कोनांवर परततीलच असे नाही. आमच्या टेबलावरच्या छोट्या हाताला पेन बांधून आलेख-कागदावर एकच चौकोन पुन्हा पुन्हा काढायला लावला की हे डोळ्यांना दिसते: पेन बरेचसे त्याच रेषांवरून फिरते, पण कोपर प्रत्येक फेरीला थोडे थोडे बाहेर सरकत जाते.

नुसते कोपर सरकले म्हणून काय बिघडले, असे कोणी म्हणेल. सहा सांध्यांचा हात एकाच बिंदूवर पुन्हा गेला की सहसा त्याच ठेवणीत जातो, म्हणून त्याची कायमस्वरूपी चूक प्रत्येक वेळी तेवढीच येते आणि एकदा मोजून वजा करता येते. औद्योगिक रोबोटांच्या चाचणीसाठीच्या आयएसओ ९२८३ या मानकात पुनरावृत्ती (दरवेळी त्याच जागी येणे) आणि अचूकता (सांगितलेल्या जागी येणे) वेगवेगळी मोजतात, ती याच कारणाने. ठेवण प्रत्येक फेरीला बदलू लागली की कायमस्वरूपी चूकही फिरती होते आणि वजा करायला ठरीव असे काही उरत नाही. म्हणून जास्तीच्या सांध्यासाठी एक अट स्वतःहून घालून द्यावी, उदाहरणार्थ प्रत्येक बिंदूसाठी कोपराचा कोन ठरवून टाकावा, हे मला सर्वांत व्यवहार्य वाटते. तसे केल्याने अडथळे चुकवण्याची मोकळीक थोडी जाते, ती जाऊ द्यावी.

एक चूक मात्र ठेवणीला दाद देत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात सकाळी २८ आणि दुपारी ४३ अंश तापमान धरले, तर अ‍ॅल्युमिनियम मीटरला अंशामागे सुमारे २३ मायक्रोमीटर वाढते. सगळ्या दांड्या सारख्याच तापल्या तर सगळी आकृतीच त्या प्रमाणात मोठी होते, त्यामुळे कोपर कोठेही असले तरी ६०० मिमीवरचे टोक सुमारे ०.२१ मिमी बाहेर जाते. हे दुरुस्त करायला एक तापमापक आणि एक गुणाकार पुरतो. पण खांद्याची मोटर चालून चालून तापली आणि पहिली दांडी बाकीच्यांपेक्षा जास्त वाढली, तर तो एक गुणाकार पुरत नाही. तेव्हा प्रत्येक दांडीवर वेगळा तापमापक बसवावा लागतो, आणि दांडी कोणत्या दिशेला रोखलेली आहे हा प्रश्न पुन्हा हिशेबात येतो.