न्यूयॉर्कच्या सबवेत, कॅमेरा गळ्यात

न्यूयॉर्कला जायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी पुतळा, पूल, उंच इमारती यांची नावं सांगितली. मला मात्र ओढ होती ती जमिनीखालच्या गाड्यांची. २७ ऑक्टोबर १९०४ रोजी सुरू झालेली ही सबवे आजही रात्रंदिवस धावते आणि तिची चारशेहून जास्त स्टेशनं आहेत. चार दिवस मी दुसरं काही पाहिलंच नाही म्हटलं तरी चालेल.

नियम मी निघण्याआधीच वाचून ठेवले होते. तिथे प्रवाशाला फोटो काढायची मुभा आहे. ट्रायपॉड, दिवे, रिफ्लेक्टर मात्र चालत नाहीत. २००४ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून फोटोंवर सरसकट बंदी आणायचा प्रस्ताव आला होता. लोकांनी विरोध केला आणि २००५ मध्ये तो बारगळला. त्या लोकांचे मी मनापासून आभार मानते. फ्लॅश मी बॅगेतून काढलाच नाही. समोरून गाडी घेऊन येणाऱ्या मोटरमनच्या डोळ्यांवर असा झोत टाकणं मला पटत नाही.

पहिल्या दिवशी एक गोष्ट दिसली आणि मी तिथेच अडकले. प्लॅटफॉर्मच्या मधोमध, डोक्याच्या वर, काळ्या-पांढऱ्या तिरक्या पट्ट्यांची एक पाटी टांगलेली असते. तिला झेब्रा बोर्ड म्हणतात. गार्डचा डबा बहुतेक गाड्यांत मध्यभागी असतो. गाडी थांबली की गार्ड खिडकी उघडतो आणि दारं उघडण्याआधी त्या पाटीकडे बोट करतो. पाटी बरोबर समोर आली म्हणजे गाडी जागेवर थांबली आणि सगळे डबे प्लॅटफॉर्मला लागले. बोट दाखवायची ही पद्धत १९९६ पासून आहे. मी पाटीजवळ खांबाला टेकून उभी राहिले आणि एकामागून एक अकरा गाड्या जाऊ दिल्या. कुणाचं बोट ताठ, कुणाचं नुसतं मनगट हललेलं. एका बाईंच्या हातात लोकरी हातमोजा होता, फक्त तर्जनीपुरता कापलेला. तो फोटो माझ्या या प्रवासातला सगळ्यात लाडका आहे.

फोटो काढणाऱ्यांसाठी एक सांगते. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. विजेच्या तालावर नकळत लुकलुकणाऱ्या स्टेशनातल्या ट्यूबलाइटखाली शटर फार वेगवान ठेवलं की चित्रात पिवळट पट्टे येतात. आपल्याकडे १/५० किंवा १/१०० सेकंदावर काम भागतं, तिथे मी १/६० आणि १/१२५ वर स्थिरावले. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता, ३२०० पर्यंत बिनधास्त वाढवला. थोडे दाणे दिसतात, दिसू देत.

सहा नंबरच्या गाडीने ब्रुकलिन ब्रिज–सिटी हॉल या शेवटच्या स्टेशनानंतरही बसून राहिलं, तर गाडी वळसा घालताना जुनं सिटी हॉल स्टेशन दिसतं. ३१ डिसेंबर १९४५ ला ते बंद झालं. प्लॅटफॉर्म इतका वळणदार की लांब गाड्यांची दारं आणि कडा यांच्यात धोकादायक फट पडे. काचेला लेन्स चिकटवून बसले होते. अंधारात कमानी आणि टाइल्स सरकल्या, काही क्षणांत सगळं संपलं. नऊ फोटो, त्यातला एक बरा.

माणसांचे फोटो ही वेगळी गोष्ट. अमेरिकन छायाचित्रकार वॉकर इव्हान्सने १९३८ ते १९४१ मध्ये याच गाड्यांत कोटाच्या गुंड्यांमधून लेन्स काढून समोरच्या प्रवाशांचे फोटो टिपले होते. ते पुस्तकरूपाने आले थेट १९६६ मध्ये. ते चेहरे मी खूप वेळा पाहिलेत आणि ते थोर आहेत. पण कॅमेरा लपवणं मला जमणार नाही. दुसऱ्या दिवशी समोर डुलकी घेणाऱ्या एका माणसाचा फोटो काढला आणि त्याचे डोळे उघडले. तो काहीच बोलला नाही, नुसता बघत राहिला. मी त्याच्यासमोरच फोटो पुसून टाकला, तरी पुढच्या दोन स्टेशनांपर्यंत मला मान वर करवेना. नियमाने मुभा दिली होती, त्याने नव्हती. तेव्हापासून मी आधी कॅमेरा उचलून नजरेनेच विचारू लागले. निम्मे लोक मान हलवून नाही म्हणत.

शेवटच्या दिवशी क्यू गाडीत एक आजी विणत बसल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, “चेहरा नको, हात घे.” कॅनॉल स्ट्रीट सोडलं, गाडी बोगद्यातून वर मॅनहॅटन ब्रिजवर आली आणि डब्यात एकदम ऊन शिरलं. पुलाच्या खांबांच्या सावल्या त्यांच्या बोटांवरून, हिरव्या लोकरीवरून भराभर पळत होत्या. त्यांनी एक टाका उसवला, पुन्हा घातला. मी पूल संपेपर्यंत फोटो काढत राहिले.